पथ्याला जोड लागते

*"अक्का, नमस्कार. वय ३९, उंची ५ फूट ६ इंच, वजन ९४ किलो. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे, राहायला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. दोन महिन्यांपूर्वी रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, आधी खाणं सुधारा. आहारतज्ज्ञ मॅडमनी तक्ता करून दिला. तक्ता चांगला आहे, उपाशी ठेवणारा नाही. पण एकट्याला जमत नाही. पहिल्यांदा ऑफिसातल्या मित्राबरोबर सुरू केलं, अकराव्या दिवशी दोघं मिळूनच मिसळ खाऊन आलो. मग बायकोला म्हटलं, तू लक्ष ठेव. तिनं इतकं ठेवलं की मी घरी येताना चोरून वडा खायला लागलो. मागच्या आठवड्यात गाडीच्या डिकीत तिला वड्याचा कागद सापडला. दोन दिवस बोलली नाही. तालमीतले मित्र म्हणतात, डाएट काय करतोस बायकांसारखं. फाउंड्रीत जेवायला बसलं तरी तीच गत. स्टोअरमधले एक काका शुगरमुळं काकडी-मुळा आणतात, तर आम्ही सगळे त्यांना हसतो. मोबाइलवर एका ग्रुपात गेलो, तिथं चाळीस जण सॅलडचे फोटो टाकतात. तो आवाज बंद करून ठेवलाय. आता कुणाला सोबत घेऊ? – उपाशी नसलेला."*

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या डिकीतल्या कागदाला हसले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, तुला हवा असलेला माणूस तू पत्रातच लिहून ठेवलायस आणि त्याच्यावरून सरळ पुढं गेलायस. त्याच्याकडं येते, पण आधी थोडं दुसरं.

एकट्याला जमत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या गावात एकटं खातो कोण? बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. पाव्हणा आला की रस्सा, पाव्हणा गेला की उरलेला रस्सा. पोरगं पास झालं तर पेढे, नापास झालं तर समजूत घालायला भेळ. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायलाही लोक टोळीनं जातात. जिथं खाणं चारचौघांत होतं तिथं पथ्यही चारचौघांतलंच प्रकरण होऊन बसतं. सोबत शोधतोयस हे बरोबरच आहे. फक्त ती कशाला हवी, हे तू ठरवलेलं नाहीस.

माझे सासरे तरुणपणी तालमीत जायचे. ते सांगायचे, मैदानातली जोड वेगळी आणि तालमीतली जोड वेगळी. खासबागेच्या कुस्ती मैदानात समोरच्याला चितपट करायचं असतं, लोक बघत असतात. तालमीत पहाटे जो तुझ्याशी लढतो तो तुला पाडतो, उठवतो आणि पाठीची मातीही तोच झाडतो. वस्ताद ही जोड विचार करून लावतो. फार भारी पोरगं दिलं की नवा घाबरून यायचा बंद होतो. फार हलकं दिलं की दोघंही हौद्यात बसून गप्पा मारतात.

तुझा ऑफिसातला मित्र हा दुसरा प्रकार. दोघांची भूक एकाच वेळी खवळते, आणि एकानं "आज असू दे" म्हटलं की दुसरा सुटतो. माझंही एकदा असंच झालं. रंकाळ्यावर रोज पहाटे चालायला एक मैत्रीण धरली होती. आठवड्याभरात चालणं कमी आणि बोलणं जास्त, आणि दर रविवारी फेरीचा शेवट मिसळीच्या टेबलावर. तीन महिन्यांत माझं वजन दीड किलोनं वाढलं. मैत्रीण लाखात एक होती, आजही आहे. जोड म्हणून कामाची नव्हती.

बायकोचं मात्र वेगळं आहे, आणि इथं मी तुझ्या बाजूनं नाही. तिला तू पंच केलंस. पंचानं शिट्टी मारली की राग पंचाचाच येतो. शिवाय ती स्वयंपाकही करते. म्हणजे सकाळी उठून तक्त्याप्रमाणं डबा भरायचा, स्वतःसाठी आणि पोरांसाठी वेगळं करायचं, आणि संध्याकाळी तुझ्या तोंडाचा वास घ्यायचा. ही तिसरी नोकरी तिला का? ती दोन दिवस बोलली नाही ते वड्यासाठी असेल असं मला वाटत नाही. इतकं राबून आपल्यालाच चोरासारखं टाळलं जातंय, हे तिला लागलं. आज घरी गेलास की पहिलं सांग, "लक्ष ठेवायचं काम आजपासून तुझं नाही." मग तिच्याकडं एवढंच माग, की तक्त्यातल्या भाज्या घरात असाव्यात. त्याही तूच आणायच्या, रविवारी, लक्ष्मीपुरीतून.

ग्रुपातल्या चाळीस जणांचं काय बोलायचं? ते प्रेक्षक. फोटो काढण्याइतकं सुंदर जेवण रोज कुणाच्या ताटात असतं?

मग जोड कशी ओळखायची? माझी कसोटी एकच. ज्याला "आज मी वडा खाल्ला" हे त्याच दिवशी सांगता येईल तो. हसून नाही, रडून नाही, नुसतं सांगता येईल.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडिच नावाची एक गृहिणी होती. १९६१ मध्ये ती शहराच्या सरकारी लठ्ठपणा-दवाखान्यात गेली, तक्ता मिळाला, वजन उतरायलाही लागलं. पण कुकी खायची सवय सुटेना, आणि ते दवाखान्यातल्या बाईंना सांगायचं धाडस होईना. शेवटी तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर कबूल करून टाकलं. तर त्या सहाजणींच्याही पोटात असंच काही दडलेलं निघालं. त्या बैठका वाढत गेल्या आणि १९६३ मध्ये त्यातून वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. पुढचा धंदा आपण सोडून देऊ. पण तक्ता तर तिला दवाखान्यातच मिळाला होता. अडलं होतं ते फक्त कबुलीपाशी.

तुझंही तिथंच अडलंय. आणि जरा नीट बघ, दिवसभरात किती वेळा अडतंय? सकाळी नाही, कारण डबा घरचा. रात्री नाही, कारण समोर बायको. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर शिरोलीहून निघतोस, पंचगंगेचा पूल ओलांडून तावडे हॉटेलपाशी येतोस, तिथून कावळा नाका, आणि घरापर्यंत दोन्ही बाजूंनी कढया तापलेल्या. दुपारचं जेवण होऊन पाच-सहा तास झालेले असतात. तुझा सगळा तक्ता त्या पाऊण तासात फाटतो. म्हणजे चोवीस तासांचा राखणदार तुला नकोच आहे, त्या पाऊण तासाचा सोबती हवाय.

आता काकांकडं येऊ. तुझ्याच फाउंड्रीतले, तुझ्याच वेळेला सुटणारे असतील, शुगर असलेले, आणि सगळे हसत असूनही रोज काकडी-मुळा आणणारे. तू त्यांना अर्ध्या वाक्यात उरकलंस. अरे, चारचौघांचं हसणं झेलून जो रोज तेच खातोय, त्याच्याएवढा तयारीचा गडी तुला कुठल्या तालमीत मिळणार? आणि त्याला तुझ्या वड्याचं नवल वाटणार नाही. त्यानंही कधीतरी कागद लपवलाच असेल.

अवघड एवढंच, की तूही त्यांना हसलायस. तेव्हा आधी ते फेडावं लागेल. लांबण लावू नकोस. सोमवारी डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बस आणि म्हण, "काका, माझी साखर ६.२ आलीय. संध्याकाळी सुटल्यावर माझं पथ्य मोडतं. रोज निघताना दोन मिनिटं तुमच्याशी बोललो तर चालेल का?" एवढंच. तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवा, असं म्हणू नकोस, नाहीतर दुसरा पंच तयार होईल. आणि विचार, "तुमचं कशात अडतं?" त्यांचंही काही असणारच. पहाटेचं चालणं असेल, रात्रीचा गोड चहा असेल, तंबाखू असेल. दोघांचं पथ्य एकच असायला पाहिजे असं नाही. एकानं नुसतं ऐकायचं आणि दुसऱ्यानं नुसतं सांगायचं असं झालं, तर महिन्याभरात ऐकणाऱ्याला कंटाळा येतो आणि सांगणाऱ्याला ओशाळं वाटायला लागतं.

ते नाही म्हणाले तर? म्हणू देत. तुझ्या हसण्याची तेवढी किंमत झाली. मग दुसरा शोध, कसोटी तीच.

बोलायचं काय, हेही ठरवून घ्या. वजन रोज सांगू नका. पाण्यानं, मिठानं किलोभर इकडंतिकडं होतं आणि माणूस उगाच खचतो. रोज एकच प्रश्न पुरे, "काल संध्याकाळी काय खाल्लं?" उत्तर चांगलं असो-वाईट असो, पुढं भाषण नाही. माझी आताची जोड कोण आहे सांगू? कपिलतीर्थ मंडईतली माझी भाजीवाली. आठ वर्षांपूर्वी माझं ब्लडप्रेशर वाढलं आणि मीठ कमी करायला सांगितलं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा सगळं आलं. तिलाही तोच त्रास. कोथिंबीर पिशवीत टाकता टाकता ती विचारते, "काल खर्डा?" मी म्हणते, "खाल्ला." ती म्हणते, "बरं." आणि जुडी हातात देते. त्या "बरं"मुळं माझा खर्डा आठवड्यातून एकदावर आलाय. कसं, ते मलाही सांगता यायचं नाही.

वडा टाळायचा तर रिकाम्या पोटी त्या रस्त्याला लागू नकोस. साडेपाचच्या सुमाराला मूठभर भाजलेले फुटाणे किंवा शेंगदाणे आणि एखादा पेरू खाऊन निघायचं. हे तू आणि काकांनी मिळून खायचं. दोन मिनिटांचं बोलणंही त्यातच होतं, वेगळी बैठक लागत नाही.

आकड्यांचं भय घेतलं असशील तर ऐक. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ पासून पुढं मधुमेह. म्हणजे तू अजून उंबऱ्याच्या आत आहेस. अशाच उंबऱ्यावरच्या माणसांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला. त्यात वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच लक्ष्य होतं. जवळपास तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि बरं का, तिथंही तक्ता हातात देऊन कुणाला घरी पाठवलं नव्हतं, प्रत्येकाला शिकवणारा एक माणूस जोडून दिला होता. तुझ्या ९४ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेसहा किलो. हिरो व्हायला कुणी सांगत नाहीये.

तालमीतल्या मित्रांना सोडू नकोस. त्यांना पथ्याचं काही सांगूही नकोस, बुधवारी जेवायला मात्र जा. मटण चार फोडी, तांबडा एक वाटी, पांढरा एक वाटी, वरचा तेलाचा कट बाजूला, आणि आधी कांदा-काकडी भरपूर. आपण मार खातो तो मटणात नाही, वाटीवर वाटी रस्सा ओतण्यात आणि त्याबरोबर जाणाऱ्या भाकरी-भातात. ज्वारीची भाकरी म्हणजे औषध, असं समजून तीन-तीन खाणारे मी बघितलेत. भाकरी चांगलीच, पण तिचीही साखरच होते. मॅडमनी तक्त्यात किती लिहिलीय ते बघ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात जे ताट दाखवलंय, त्यात निम्मी जागा भाज्या आणि फळांची आहे. आपल्या ताटात ती जागा लोणच्याएवढी असते.

आणि "बायकांसारखं" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचंच असेल तर विचार, पहिलवान खुराक मोजून खातो की नाही? तालमीत पथ्य नवीन नाही. तालीम सुटली आणि खुराक तेवढाच राहिला, तिथं घोळ झालाय.

एक गोष्ट गंभीरपणे. चोरून खाणं वड्यापुरतं आहे तोवर ठीक. पण कधी थांबताच येईना, किंवा खाऊन झाल्यावर ओकारी काढावीशी वाटली, दुसरा दिवस उपाशी काढून भरपाई करावीशी वाटली, तर ते काकांचं काम नाही. सरळ डॉक्टरांना सांग.

डिकी आजच साफ कर, तिनं परत उघडायच्या आत. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासशील, तो आकडा मला कळवायची घाई करू नकोस. आधी काकांना दाखव, मग बायकोला. नाही, थांब. आधी बायकोला.

– अक्का