पहिल्याच वर्कशॉपला जातोयस तर थोडं ऐक

अरे, एमए हिस्टरीला आलास म्हणून दिसेल त्या सेमिनारला नाव घालत सुटू नकोस, मी पहिलं वर्ष तेच केलं आणि हातात काय राहिलं तर सर्टिफिकिटांची फाईल. लेक्चर आणि वर्कशॉप यात फरक आहे, लेक्चरला मागे बसून ऐकलं तरी चालतं पण वर्कशॉपमध्ये कागद हातात घ्यावा लागतो. त्यामुळे मोडी किंवा जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षराचं वर्कशॉप दिसलं की बाकी सगळं सोडून ते धर. कारण पणजीच्या पुराभिलेखागारात मोंसोंइश दु रैनुचे, म्हणजे पोर्तुगाल आणि गोव्यामधल्या जुन्या सरकारी पत्रव्यवहाराचे, खंड समोर आले आणि अक्षरच लागत नसेल तर नुसते फोटो काढून काय करणार? पोर्तुगीज आजच सुरू कर, उद्या नको. आणि मराठी येतं म्हणून मोडी आपोआप येईल असं समजू नकोस, मला सराव व्हायला चार-पाच महिने लागले.

जाण्याआधी वक्त्याचा निदान एक लेख वाच, पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेच्या लायब्ररीत बहुतेक मिळतो. प्रश्न एकच विचार आणि तो साधनाबद्दल, म्हणजे ‘सर, हे कुठल्या कागदात सापडलं?’ स्वतःचं भाषण नको, ते करणारे आधीच भरपूर असतात. आणि चहाच्या वेळी मोबाईल खिशात ठेव रे, माझा गाईड मला चहाच्या रांगेतच भेटला.