अस्तुरियासला पहिल्यांदाच जाताय?

स्पेन म्हटलं की रखरखीत ऊन डोळ्यांपुढे येतं, पण उत्तर किनाऱ्यावरचं अस्तुरियास तसं नाही. समुद्रावरून येणारे ढग कांताब्रियन डोंगरांना अडतात, म्हणून तिथे एवढी हिरवाई. त्यामुळेच ऐन जुलैतही पाऊस गाठतो. रेनकोट बॅगेत अगदी वर ठेवा.

माझं ऐकाल तर रोज हॉटेल बदलू नका. यानेस किंवा रिबादेसेयाला तळ ठोका. एकीकडे समुद्र, दुसरीकडे पिकोस दे एउरोपाचे डोंगर. या डोंगरांतल्या कोवादोंगाच्या तलावांचा दिवस शक्यतो हवामान बघून ठरवा, कारण धुकं उतरलं की वर काहीच दिसत नाही. गर्दीच्या हंगामात दिवसा खासगी गाड्या वर सोडत नाहीत, कांगास दे ओनीसहून बस घ्यावी लागते. तितो बुस्तियो गुहेचं उलट आहे: आदिमानवाची चित्रं जपायला मोजकेच लोक आत सोडतात, तिकीट आधीच काढा.

आणि गुल्पियुरीचा चिमुकला वाळूचा किनारा! समुद्र कुठेच दिसत नाही, तरी कुरणाच्या मधोमध लाटा येतात. पाणी खडकाखालून आत शिरतं. भरतीचं वेळापत्रक बघून जा. मी ओहोटीला पोहोचलो आणि नुसती वाळू बघून परतलो.