हशासाठी सोडलेले तीन फूट

वाचकांचे प्रश्न, चित्रपट संकलकाची उत्तरं

प्रश्न : ताई, माझ्या आवडीचा एक जुना विनोदी चित्रपट मी मुलाला हौसेने दाखवला. अर्ध्या तासात तो म्हणाला, "किती संथ आहे हे!" मग त्याने निवडलेला नवा चित्रपट पाहिला, तर एक विनोद उमगेपर्यंत पुढचे दोन येऊन गेलेले. विनोदी चित्रपट खरंच पूर्वीसारखे राहिले नाहीत, की माझंच वय झालं?

उत्तर : वयाचा इथे काही संबंध नाही. तुमचं आणि मुलाचं, दोघांचंही बरोबर आहे, आणि दोघांना खटकलेली गोष्ट एकच आहे. ती म्हणजे विनोदानंतरची जागा.

मी चित्रपट संकलनाच्या कामाला लागले तेव्हा ते स्टीनबेकच्या, म्हणजे फिल्म पाहून कापायच्या-जोडायच्या यंत्राच्या, टेबलावर व्हायचं. ३५ मिलिमीटरच्या एक फूट फिल्ममध्ये १६ फ्रेम, आणि पडद्यावर सेकंदाला २४. म्हणजे दीड फूट सरकलं की एक सेकंद गेला. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "पंच पडला की लगेच कापू नकोस. तिथे प्रेक्षकांचा संवाद आहे." मग आम्ही अंदाज बांधायचो : हा विनोद तीन फुटांचा, हा दीड फुटाचा. ऐकणाऱ्या पात्राचा चेहरा तेवढा वेळ धरून ठेवायचा. थिएटरमध्ये हशा उठायचा, ओसरायला लागायचा आणि नेमकं तेव्हा पुढचं वाक्य यायचं. अंदाज जमला की अंगावर काटा यायचा.

दिग्दर्शक बिली वाइल्डर यांनी १९५९च्या 'सम लाइक इट हॉट'मध्ये या जागेसाठी केलेली युक्ती मी शिकवायला बसले की आधी दाखवते. बायकी वेशातला जॅक लेमन मित्राला सांगतो की आपलं लग्न ठरलंय. वाक्यावाक्याला लोक हसणार आणि पुढचं वाक्य बुडणार, हे वाइल्डर यांना ठाऊक होतं. त्यांनी लेमनच्या हातात दोन खुळखुळे दिले. एक वाक्य बोलायचं, खुळखुळे वाजवत डुलायचं, मग पुढचं. हसण्याला जागा मिळाली आणि पडदा क्षणभरही रिकामा राहिला नाही. पण तोच प्रसंग घरी एकट्याने पाहा. हसणारं थिएटर सोबत नसलं की खुळखुळे जरा जास्तच वाजतात. तुमच्या मुलाला संथ वाटलं ते हेच. चित्रपटाने सोडलेली जागा भरायला त्या खोलीत माणसंच नव्हती.

आता नवे चित्रपट. ते कापतानाच गृहीत धरलेलं असतं की पाहणारा एकटा आहे, हातात फोन आहे आणि बोटाखाली पुढे ढकलायची सोय आहे. मागे एका चित्रपटात मी एका विनोदानंतर दोन सेकंद सोडले होते. "सीन झोपतोय," असं म्हणून ते काढायला लावले गेले. मी वाद घातला, हरले, काढले. पहिल्या खेळाला मागच्या रांगेत बसले होते. लोक खळखळून हसले आणि त्याच हशाखाली पुढचं वाक्य गेलं. गोष्टीचा सगळा गुंता त्या वाक्यात होता. शेजारची बाई नवऱ्याला विचारत होती, "काय म्हणाला?" ते दोन सेकंद मला आजही सलतात.

पूर्वी ही जागा लोकांसमोर उभं राहून शोधली जायची. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदवीरांनी 'अ नाइट ॲट द ऑपेरा' (१९३५) चित्रित करण्याआधी त्यातले प्रसंग रंगमंचावर करत दौरा काढला. प्रेक्षक कुठे हसतात, किती वेळ हसतात, हे पाहून मगच ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. आपल्याकडे लक्ष्मीकांत बेर्डे 'टूरटूर'सारख्या नाटकातून आले. समोरचा हशा अंगावर घेतलेल्या नटाला किती थांबायचं हे कुणी सांगावं लागत नाही. संकलकाचं अर्धं काम तोच करून देतो.

दुसरा फरक फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर एका वेळी किती माणसं एकत्र दिसतात याचा, आणि माझ्या मते तो जास्त गंभीर आहे. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पुन्हा लावा आणि बोलणाऱ्याकडे न पाहता इतरांकडे पाहा. अशोक सराफ बोलत असताना बाकीचे काय करतात ते बघा. विनोद बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर घडतो. 'जाने भी दो यारों'च्या शेवटी रंगमंचावर महाभारत चालू असतं आणि द्रौपदी म्हणून प्रेत उभं असतं. तिथेही गंमत आहे ती इतकी माणसं एकाच जागी एकमेकांत अडकल्याची. रेणू सलुजांचं ते संकलन मी कितीदा पाहिलं असेल! एवढ्या गोंधळात कोण कुठे आहे हे आपल्याला सतत कळत राहतं. आणि १९२८मधला मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन? घराची अख्खी भिंत त्याच्यावर कोसळते आणि तो नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्याने वाचतो. भिंत खरी, माणूस खरा. मध्ये एक जरी कट असता तरी आपण विश्वास ठेवला नसता.

आज माझ्याकडे येणाऱ्या रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या चित्रीकरणात, बऱ्याचदा प्रत्येकाचा क्लोज-अप वेगळा घेतलेला असतो. कधीकधी समोरचा नट त्या दिवशी सेटवरही नसतो. दोन एकटी माणसं मी टेबलावर जोडते. जोडता येतात, पण त्यांच्यात जे घडलंच नाही ते कुठून आणू? मग ते भरून काढायला 'टुइंग' असा आवाज टाकतात. त्या आवाजाची मला मनापासून चीड आहे.

मात्र 'पूर्वी सगळंच उत्तम होतं' हे मी मान्य करणार नाही. त्या काळातले कितीतरी रटाळ चित्रपट मी स्वतः जोडलेत, त्यांची आज कुणाला आठवण नाही. उरले ते चांगले, आणि आपण तुलना करतो ती त्यांच्याशी. शिवाय चांगलं त्या वेळी ओळखलं गेलंच असंही नाही. कीटनचा 'द जनरल' (१९२६) पहिल्यांदा लागला तेव्हा आपटला होता. नव्या मुलांचं लिखाण मला आवडतं. त्यांची पात्रं माणसांसारखी बोलतात, आणि बाईच्या तोंडी हसवणारं वाक्य आता सहज येतं. विनोद कमी पडलेला नाही, त्याला मिळणारा वेळ कमी पडलाय.

तुम्ही एक करा. तोच जुना चित्रपट पाच-सहा जणांना जमवून, दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पुन्हा लावा. मुलाला मध्ये बसवा.

प्रश्न : हल्ली कशावरच विनोद करता येत नाही, लगेच कुणीतरी दुखावतं. विनोदी चित्रपट त्यामुळेच बिघडले का?

उत्तर : नाही. मी वर सांगितलेल्या कुठल्याही प्रसंगाला कुणाच्या व्यंगाची गरज लागलेली नाही. मी उमेदवारी करत असताना एका चित्रपटात एक तोतरा नोकर होता. तो अडखळला की हशा, म्हणून त्याचे अडखळणे मी मोजून लांबवले होते. आमच्याच स्टुडिओतला एक मुलगा बोलताना अडखळायचा. चाचणी खेळाला तो आला होता आणि दिवे लागायच्या आत निघून गेला. नंतर मी ते प्रसंग पुन्हा टेबलावर लावून पाहिले. ते काढले असते तरी कथेचा एक धागासुद्धा सुटला नसता.