फुगलेलं पाकीट, मऊ पडलेलं भडंग

प्रश्न : मंगळवार पेठेत मी घरीच भडंग करून दोनशे ग्रॅमच्या पिशव्यांत विकते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत माल सादळतो, महिन्याभरानं खवट वास मारतो. मोठ्या कंपन्या पाकिटात नायट्रोजन भरतात म्हणे. माझ्या दिरांचं शिरोली एमआयडीसीत लेझर कटिंगचं वर्कशॉप आहे, तिथं नायट्रोजनचे सिलिंडर असतात. त्यातला एक आणला तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, दिरांचा सिलिंडर दिरांकडंच राहू दे. गॅस वेगळा नसतो. आपण श्वासात घेतो त्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. आणि कटिंगचा गॅस पुरेसा शुद्धही असू शकतो. पण त्या सिलिंडरात आधी काय भरलं होतं, नळीला ग्रीसचा हात लागलाय का, हे खाण्याच्या दृष्टीनं कुणी तपासलेलं नसतं. पुरवठादाराकडून फूड ग्रेड, म्हणजे खाण्याच्या पदार्थांसाठीचा गॅस मागा, बिलावर तसं लिहून घ्या आणि बॅचचा दाखलाही घ्या.

आता तुमच्या भडंगाकडं येऊ. त्याला दुखणी दोन आहेत आणि तुम्ही औषध एकच शोधताय. खवटपणा येतो तेलाचा ऑक्सिजनशी संबंध आल्यानं. शेंगदाणे आणि फोडणीचं तेल दोन्ही त्यात आले. तिथं नायट्रोजन कामाचा. सादळणं मात्र ओलाव्याचं काम, आणि ओलावा पिशवीतून आत येतो. साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजनही आरपार जातो, त्यामुळं त्यात गॅस भरणं म्हणजे चाळणीत दूध ओतणं. आधी आतून चंदेरी असणारी मेटलाइज्ड लॅमिनेटची पाकिटं घ्या. माझं मत विचाराल तर पहिले पैसे पाकिटात घाला, मशिनचं नंतर बघू.

चुरमुऱ्याची एक खोडही सांगतो. तो स्पंजासारखा पोकळ, त्याच्या पोटातच हवा दडून बसते. गॅसचा एक फवारा मारला की पाकीट फुगतं, पण आतला ऑक्सिजन पुरता जात नाही. तो दोन टक्क्यांच्या खाली आणायचा असतो. त्यासाठी नळी तळापर्यंत नेऊन गॅस थोडा वेळ वाहू द्यायचा, मग सील. सिलच्या जागी मसाल्याचा कण किंवा तेलाचा थेंब राहिला की सगळं मुसळ केरात! सील केलेलं पाकीट बादलीभर पाण्यात दाबून बघा, बुडबुडे आले तर ते बाजूला काढा. 47 लिटरच्या सिलिंडरात दीडशे बार दाबानं साधारण 7 घनमीटर गॅस मावतो. फवाऱ्यात वाया जाणारा धरून पाकिटामागे दीड लिटर पकडला, तर साडेचार हजारांच्या आसपास पाकिटं निघतील.

नोकरीत असताना माझ्या हातून एकदा सहाशे पाकिटं शेव परत आली होती. पाकिटं गरगरीत फुगलेली, आत शेव खवट. तळणीचं तेल चार-चार वेळा तापवलं होतं. गॅस आधीच बिघडलेलं तेल सुधारत नाही, हे मला तेव्हा पैसे मोजून कळलं.

आणि खोली बंद करून हे काम करू नका. नायट्रोजनला वास नाही, आणि श्वास कोंडल्याची जाणीव आपल्याला कार्बन डायऑक्साइड साचल्यानं होते, ऑक्सिजन कमी पडल्यानं नव्हे. त्यामुळं माणूस काही न कळता कोसळू शकतो. खिडकी उघडी, पंखा चालू आणि सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधलेला, एवढं तरी पाहिजेच.

प्रश्न : मिसळीचा कट पाकिटात भरून नायट्रोजन मारला तर बाहेरगावी पाठवता येईल का? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. चटणी-मसाल्याला चालतं ते कटाला चालत नाही. कट ओला, त्यात लसूण, कांदा, खोबरं आणि वरून तेलाची तर्री. हवा काढून घेतली की बुरशीचं भय कमी होतं खरं, पण बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू हवा नसतानाच वाढतात. त्यांचं विष वासावरून ओळखता येत नाही. पाठवायचाच असेल तर कट उणे अठरा अंशांवर गोठवा आणि वाटेत कोरड्या बर्फात ठेवा. कोरडा बर्फ म्हणजे घट्ट झालेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78 अंशांचा. हातमोजे घालूनच हाताळा, आणि हवाबंद डब्यात कोंडू नका. त्याचा गॅस होतो आणि डबा फुटतो.