राजदूत नक्की कुणाला व्हायचंय?

प्रश्न : मुलीला बारावीला, कला शाखेत ८१ टक्के मिळाले. तिने परराष्ट्र सेवेत जावं ही माझी इच्छा; मला स्वतःला स्पर्धा परीक्षेत यश आलं नाही. एका खासगी विद्यापीठाच्या डिप्लोमसी स्कूलमध्ये प्रवेश घेतोय, जमीन तारण ठेवून कर्ज काढणार आहे. सध्या ती जपानी शिकते, पण तो छंद नंतरही जोपासता येईल. निर्णय योग्य आहे ना? – एक पालक, जि. सांगली

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमची इच्छा आहे, तुमचं राहून गेलेलं आहे, तुमची जमीन आहे. मुलगी येते ती एका वाक्यात, तीही तिचा छंद बाजूला सारण्यापुरती. कुणी न सांगता कांजी (जपानी चित्रलिपीतली अक्षरं) गिरवत बसणारी मुलगी घरात आहे आणि तुम्ही सल्ला मला विचारताय! तिला विचारलंत का? 'ती नाही म्हणत नाही' हे उत्तर मी धरणार नाही. वडील जमीन गहाण टाकायला निघाल्यावर कुठली मुलगी नाही म्हणेल?

आता तुमचा गैरसमज. डिप्लोमसीची, म्हणजे राजनयाची, पदवी घेतली की राजनयिक होता येतं, असं नसतं. परराष्ट्र सेवेची वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच जाते आणि तिला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. राजनयाचं प्रशिक्षण सरकार निवडीनंतर स्वतः देतं, परकीय भाषाही तेव्हाच शिकवतं. माजी राजनयिक ज्ञानेश्वर मुळे यांचंच बघा, ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे. कोल्हापुरात शिकून ते १९८३ साली या सेवेत गेले. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय वाईट नाही, उलट फार चांगला आहे. पण त्यात कायदा, अर्थकारण, इतिहास यांचं रग्गड वाचन असतं. ते आवडणाऱ्यानेच तिकडे जावं. नोकरीची हमी समजून त्यासाठी जमीन अडकवू नये.

मला विचाराल तर तिचं जपानी पुढे न्या. दिल्लीच्या जेएनयूत जपानीची बीए ऑनर्स पदवी आहे, प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून, शिकवणी फी वर्षाला काही शेकड्यांत. आंतरराष्ट्रीय संबंधांची ओढ पुढे वाटलीच, तर एमएसाठी तिथेच १९५५ पासूनची परंपरा असलेलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. पुण्यातच राहून जपानी शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचं रानडे इन्स्टिट्यूट. आणि यूपीएससी? पदवीनंतर, तिला वाटलं तर.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. तोवर बँकेच्या कागदांवर सही नको.