घोडी म्हणजे गाय नव्हे, हे तात्यांना सांग

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही फलटण तालुक्यातले, घरचेच सहा घोडे आहेत, लग्नसराईत वरातीला देतो आणि सासरे, म्हणजे आमचे तात्या, शिंगरं वाढवून विकतात. मी लग्न होऊन आले तेव्हा घोड्याच्या मागून जायचं नाही एवढंच मला माहिती होतं. तर गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी काय झालं ते सांगते. आमची पांढरी घोडी राणी, तिचे अकरा महिने भरलेले, सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसत होते म्हणून हे दोन रात्री पागेतच झोपले, आणि नेमके पहाटे चहाला घरात आले तेवढ्यात ती व्याली. साडेचारला शिंगरू बाहेर! आत्या म्हणाल्या पहिला चीक जड असतो, बाधतो, म्हणून दोन वाट्या पिळून टाकून दिला. शिंगरू सहाला उभं राहिलं, चार वेळा पडून, आणि प्यायलं साडेसातला. वार, म्हणजे शिंगरामागून बाहेर पडणारा पडदा, मात्र पडेना. तात्यांनी तिला अर्धी वीट बांधली, म्हणे वजनाने ओढली जाईल.

त्यात नालबंद त्याच दिवशी आलेला, संध्याकाळी लोणंदला वरात, आणि गल्लीतली पोरं शिंगरू बघायला येताना घरनं शिळ्या चपात्यांचं गाठोडं घेऊन आली ते सगळं आमच्या तुफान घोड्याला चारलं. दहाच्या सुमाराला तो पायाने जमीन उकरायला लागला, सारखा कुशीकडे वळून बघायचा, मग धाडकन आडवा पडून लोळायला लागला. तात्या बाटलीने गोडेतेल पाजायला निघाले तर ह्यांनी बाटलीच हिसकावून घेतली, बापलेकाचं तिथंच जुंपलं. डॉक्टर आले, तुफानच्या नाकातून नळी घातली, राणीची वीट सोडायला लावली, तिला इंजेक्शनं दिली आणि पुढच्या कॉलला गेले. साडेअकराला वार पडली, तात्यांनी लगेच खड्डा काढून पुरली. तुफानने दोन वाजता लीद टाकली. वरातीला चांदणीला पाठवलं, डीजेपुढे बिचारी गुमान उभी राहिली.

आज नववा दिवस. शिंगराला कालपासून पातळ होतंय. चीक टाकला म्हणून असेल का? वार उशिरा पडली त्याचं काही होईल का? आणि आई पांढरीफेक असून शिंगरू काळपट निघालंय, गावात पैजा लागल्यात.

- एक सून, फलटण तालुका

उत्तर : पोरी, अंक छापून हातात येईपर्यंत शिंगरू तुमचा गोठा डोक्यावर घेईल, म्हणून तुझ्याशी फोनवर बोललोच आहे, पण बाकीच्या घोडेवाल्यांसाठी इथं सविस्तर लिहितो. कारण तुमच्या घरी त्या दिवशी जे जे चुकलं ते सगळं एकाच कारणाने, तुम्ही घोडीला गाईच्या हिशोबाने बघितलं. आपल्या भागात दारात गाय-म्हैस असतेच, हात त्याच सवयीचे, त्यात तात्यांना बोलून उपयोग नाही.

वारेचंच घे. गाईची वार बारा तास अडकली तरी आपण वाट बघतो. घोडीला तीन तास, बस. त्यानंतर गर्भाशयात जे सडायला लागतं त्याचं विष रक्तात जातं आणि ते पायात उतरतं, खुराच्या आतला भाग सुजतो, त्याला लॅमिनायटिस म्हणतात आणि चांगली घोडी त्यात कायमची लंगडी होते, मरतेसुद्धा. तुमची वार सात तासांनी पडली. वीट तर कधीच बांधायची नाही, वार फाटते, तुकडा आत राहतो, कधी गर्भाशयच उलटं बाहेर येतं. लोंबती वार तिच्याच पायाखाली येऊ नये म्हणून गुंडाळून, गाठ मारून गुडघ्याच्या वर ठेवायची आणि फोन लावायचा, तेवढंच आपलं काम. आणि पडल्यावर पुरायची नाही! बादलीत झाकून ठेवायची, डॉक्टर ती जमिनीवर पसरून बघतात, विजारीसारखी दोन पायांची दिसते, एक पाय मोठा एक छोटा. बहुतेकदा त्या छोट्या पायाचं टोक तुटून आत राहतं. तुमच्याकडे आता बघायला काहीच नाही, पण ताप नाही, अंगावरून घाण वास नाही, खूर गरम नाहीत, चंदी खातेय असं तू सांगितलंस, म्हणजे इंजेक्शनांनी निभावलं असं समजू. पुढचे पाय ताणून मागे रेलून उभी राहिली तर मात्र एक तासही थांबू नकोस.

चिकाचं म्हणशील तर आत्यांच्या डोक्यात खरवस असणार. गाईला चीक भरपूर, घरच्यांना वाटीभर काढला तरी वासराला उरतो. घोडीकडे तो बेताचाच. आईच्या पोटात असताना शिंगराला रोगाशी झुंजायची शिदोरी मिळतच नाही, ती सगळी चिकातून, आणि आतडं ती पहिल्या सहा-आठ तासांत नीट शोषतं, चोवीस तासांनी दार बंद. दोन वाट्या गेल्याचं वाईट वाटतं, पण साडेसातला तोंड लागलं हे नशीब. पुढच्या वेळी शंका आली तर शिंगरू एक दिवसाचं असतानाच रक्त तपासून घ्या, ती शिदोरी कमी निघाली तर प्लाझ्मा देता येतो. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या जिल्ह्यातच आहे, आणि सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेव. बेंबीला आयोडीन लावलंत ना? घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, तात्यांना राणीच्या लसीची तारीख विचार.

पातळ होण्याचं घाबरू नकोस. साधारण सहाव्या ते चौदाव्या दिवसात बहुतेक शिंगरांना होतं, त्याच सुमाराला घोडी माजावर येते म्हणून जुने लोक माजाचं दूध लागलं म्हणतात, खरं तर त्याचं पोट चाऱ्याला तयार होत असतं. मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलिन लाव, केस झडतात तिथले. पीत असेल, उड्या मारत असेल तर झालं. पण कास तटतटून भरलेली दिसली, म्हणजे शिंगरू पीत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर.

तुफानच्या बाबतीत तुझ्या नवऱ्याला शाबासकी दे. घोड्याला ओकता येत नाही, गाईसारखी ढेकर देऊन गॅसही सोडता येत नाही, त्यामुळे शिळ्या चपात्या आंबल्या की पोट फुगतं आणि बाहेर पडायची वाट एकच, मागची. त्यात बाटलीने तेल पाजलं की पुष्कळदा थोडं फुप्फुसात जातं, पोटशूळ बरा होतो आणि घोडा न्युमोनियाने जातो, मी पाहिलंय. चारा काढून घ्या, लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं हळू फिरवा, नाडी मोजा, शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते, साठच्या वर गेली तर डॉक्टरांना ते आधी सांगा. आणि गल्लीतल्या पोरांसाठी दारात पाटी लावा, मी माझ्याकडे लावली होती, तरी एकाने जिलेबी चारली.

आता पैज. पांढऱ्या घोडीचं शिंगरू काळपट निघणं अगदी नेहमीचं आहे, आपण ज्यांना पांढरे म्हणतो ते बहुतेक घोडे जन्मतात गडद आणि वर्षागणिक उजळत जातात. वारीत चांदोबाच्या लिंबाजवळच्या रिंगणात माउलींचा अश्व धावताना बघितलायस ना, तेवढं पांढरं व्हायला वर्षं लागतात. सकाळच्या उन्हात शिंगराच्या डोळ्याभोवतीचे केस निरखून बघ, चष्म्याच्या काड्यांसारखे चार-दोन पांढरे दिसले तर ते आईवर जाणार. दिसले नाहीत तर महिन्याभराने परत बघ, आणि तोपर्यंत तात्यांना पैजेचे पैसे लावू देऊ नकोस.