पार्सल अडलं कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या काही आठवड्यांत पार्सलच्या तक्रारींची पत्रं बरीच आली. बहुतेक पत्रांत मनस्ताप सविस्तर आहे, पण ट्रॅकिंगच्या नोंदीत शेवटची ओळ काय होती ते लिहिलेलं नाही. पार्सल कुठे आहे, कोणाला गाठायचं आणि हातात किती दिवस आहेत, हे त्या ओळीवरूनच कळतं. म्हणून उत्तरं देताना आम्ही तीच ओळ धरून चाललो आहोत.

प्रश्न : लालबागला आमची चाळ पाडून टॉवर झाला. आई दिवसभर घरात असते, तरी स्पीड पोस्टाच्या नोंदीत ‘डोअर लॉक्ड’ येतं. बेल वाजत नाही, दाराला चिठ्ठीही नसते. दोन पार्सलं परत गेली. आम्ही काय करावं?

आधी आजचं काम. ट्रॅकिंगच्या शेवटच्या ओळीत कार्यालयाचं नाव असतं, ते बघा. आपल्या गल्लीतलं पोस्ट तेच पार्सलचं पोस्ट, असं धरून चालू नका. मुंबईतल्या अनेक पोस्टांत फक्त बुकिंग आणि बचत खात्याचं काम चालतं, वाटप होत नाही. शिवाय पार्सलांसाठी काही भागांत वेगळी वितरण केंद्रं केली आहेत. तिथे पत्रं एका जागेहून निघतात आणि खोकी दुसऱ्या. नाव बघितल्याशिवाय गेलात तर एक हेलपाटा फुकट जातो.

जायची वेळही जपा. सकाळी वर्गवारी आटोपली की पोस्टमन बीटवर, म्हणजे त्याच्या नेमून दिलेल्या वाटपाच्या भागात, निघतो आणि उरलेल्या वस्तू परत आल्यावर जमा करतो. भर दुपारी गेलात तर तुमचं पार्सल त्याच्या पिशवीत असतं आणि खिडकीवरचा माणूस खरोखरच ते देऊ शकत नाही. सकाळी पोस्टमन निघायच्या आधी जा, नाहीतर तो परतल्यावर. सोबत ट्रॅकिंग नंबर आणि मूळ ओळखपत्र असू द्या. आईच्या नावाचं पार्सल तुम्ही आणणार असाल तर तिचं सहीचं अधिकारपत्र, तिच्या ओळखपत्राची प्रत आणि तुमचं स्वतःचं ओळखपत्र लागेल. न वाटलेली वस्तू साधारण सात दिवस ठेवतात, मग ती पाठवणाऱ्याकडे परत निघते. तुमची दोन पार्सलं बहुधा याच मुदतीत निसटली. ‘डोअर लॉक्ड’ दिसलं की दुसऱ्याच दिवशी हालचाल करा.

आता मूळ दुखणं. चाळीत पोस्टमन गॅलरीतून चालत जायचा, दार बंद असलं तर शेजारच्या काकूंना विचारायचा आणि पाच मिनिटांत मजला उरकायचा. टॉवरमध्ये गेटवर नाव लिहा, इंटरकॉम लागेपर्यंत थांबा, सर्व्हिस लिफ्टची वाट बघा, असं प्रत्येक घरामागे होतं, आणि बीट संपवायची वेळ तेवढीच राहते. न वाटण्याचं कारण त्याला ठरावीक यादीतून निवडावं लागतं. गेटवर अडवलं, लिफ्ट बंद होती, इंटरकॉम कोणी उचलला नाही, यातलं काहीही झालं तरी नोंद बऱ्याचदा ‘डोअर लॉक्ड’ किंवा ‘अ‍ॅड्रेसी नॉट अव्हेलेबल’ अशी पडते.

तरीही घरात माणूस असताना बंद दाराची नोंद होणं चूकच आहे, आणि ती लेखी दाखवून द्यायलाच हवी. वितरण कार्यालयाच्या पोस्टमास्तरांच्या नावे अर्धं पान पुरे: ट्रॅकिंग नंबर, नोंदीची तारीख व वेळ, त्या वेळी घरात कोण होतं, आणि गेटच्या नोंदवहीत पोस्टमनची नोंद आहे की नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार ठरतो. नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

सोसायटीने करायचं कामही आहे. पोस्टमनला दर वेळी नव्या पाहुण्यासारखं अडवू नका. बीटचा पोस्टमन महिनोन्‌महिने तोच असतो. त्याचं नाव गेटवर लिहून ठेवा आणि लिफ्ट सरळ वापरू द्या. तळमजल्यावर फ्लॅट नंबरांच्या टपालपेट्या लावा, म्हणजे साधी पत्रं खालीच संपतात आणि त्याच्याकडे वर यायला वेळ उरतो. पुनर्विकासानंतर सगळ्यात जास्त घोळ इमारतीच्या नावाचा होतो. पत्त्यात निदान दोन वर्षं नवं नाव आणि पुढे ‘पूर्वीची अमुक चाळ’ असं दोन्ही लिहा. विंग, मजला आणि फ्लॅट नंबर एकाच ओळीत ठेवा.

प्रश्न : दादर पश्चिमेचा पत्ता बरोबर लिहिलेला असतो, तरी पार्सल आधी दादर पूर्वेला जातं. पत्ता कोणी वाचतच नाही का?

वर्गवारीच्या टप्प्यावर खरंच कोणी वाचत नाही, तिथे पिन चालतो. तुम्हाला पाठवणारे ४०००१४ लिहीत असणार. तो दादर पूर्वेचा आहे. पश्चिमेला ४०००२८ लागतो. मुलुंडला हेच ४०००८० पश्चिम आणि ४०००८१ पूर्व असं होतं. पिनचा पहिला आकडा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन थेट वाटप करणारं कार्यालय. मुंबईत सुरुवातीचे तीन आकडे सगळ्यांचे ४००, ठाणे आणि नवी मुंबईतही अनेकांचे तेच. म्हणून इथे सगळी मदार शेवटच्या तीन आकड्यांवर आहे. चुकीचा पिन पडला की पार्सल त्या कार्यालयात उतरतं, तिथला माणूस पत्ता वाचतो आणि मग ते पुन्हा फिरतं. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली. देशात एकाच नावाची ढीगभर गावं, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत, ही अडचण तिने सोडवली. पण आकडाच चुकला तर अक्षर कितीही सुवाच्य असो, उपयोग नाही.

ऑनलाइन दुकानांच्या खात्यात साठवलेला जुना पत्ता एकदा उघडून बघा. चूक बहुतेक वेळा तिथेच बसलेली असते.

काही वाचकांनी टपाल खात्याच्या नव्या डिजिपिनबद्दल विचारलं आहे. दहा चिन्हांचा हा संकेत सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. गावाकडच्या सुट्या घराला तो फार कामाचा आहे. टॉवरमध्ये मात्र तिसऱ्या आणि तेविसाव्या मजल्यावरच्या एकाखाली एक असलेल्या घरांचा डिजिपिन एकच येणार, त्यामुळे विंग आणि फ्लॅट नंबर लिहावाच लागतो.

प्रश्न : वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसच्या पत्त्यावर पार्सल मागवते. नोंदीत ‘आयटम डिलिव्हर्ड’, पण डिस्पॅचमध्ये विचारलं तर ‘आमच्याकडे नाही’. जबाबदार कोण?

कोणाच्या सहीने दिलं ते कळेपर्यंत जबाबदारी ठरत नाही, म्हणून ती सही मिळवा. मोठ्या इमारतीत एकच माणूस पन्नास कंपन्यांचं टपाल खालच्या काउंटरवर उतरवून एक शिक्का घेतो. पार्सल तिथून तुमच्या मजल्यावर चढताना हरवतं, किंवा त्याच इमारतीतल्या मिळत्याजुळत्या नावाच्या कंपनीकडे जातं. आधी तळमजल्याच्या आवक नोंदवहीत तुमचा ट्रॅकिंग नंबर शोधा, नंतर आपल्या डिस्पॅचची वही बघा. दोन्हीकडे नसेल तर पार्सल आणणाऱ्याकडे वाटपाच्या पुराव्याची प्रत लेखी मागा. सीसीटीव्हीचं चित्रण इमारतीला त्याच दिवशी मागा; काही आठवड्यांत त्यावर नवं चित्रण चढतं आणि मग पुरावा उरत नाही.

पुढच्या वेळी पत्त्यात कंपनीच्या नावाआधी स्वतःचं नाव, विभाग, मजला आणि मोबाइल लिहायला सांगा. महत्त्वाची कागदपत्रं असतील तर पाठवणाऱ्याला नोंदणीसह स्पीड पोस्ट करायला सांगा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. आता नोंदणी ही त्यावरची जादा सेवा असून तिला ५ रुपये अधिक जीएसटी पडतो. ती घेतली की वस्तू फक्त ज्याच्या नावे आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच देतात. ओटीपी दाखवून वाटप हवं असेल तर त्यालाही ५ रुपये अधिक जीएसटी. ऑफिसच्या पत्त्याला हे दहा रुपये जरूर खर्चावेत.

ओटीपीची एक सवय कटाक्षाने पाळा: खोकं हातात आल्यावरच आकडे सांगायचे. ‘मॅडम, खाली आहे, ओटीपी द्या, वॉचमनकडे ठेवतो’ असा फोन आला आणि तुम्ही आकडे दिले, तर नोंदीप्रमाणे वस्तू तुम्हाला पोचली. नंतर वाद घालायला काही राहत नाही.

शनिवारचंही लक्षात घ्या. पोस्टाचं वाटप शनिवारी चालू असतं, तुमचं ऑफिस बंद. शुक्रवारी सायंकाळी ‘रिसीव्ह्ड’ दिसलं तर वितरण कार्यालयाला शनिवारी सकाळीच फोन करून सोमवारी पाठवा म्हणून सांगावं.

प्रश्न : मुलीला बंगळूरला फराळ पाठवला. चकल्यांचा चुरा झाला आणि बेसन लाडवांच्या तुपाने खोकं भिजलं. ‘नाजूक’ असं लाल अक्षरात लिहिलं होतं. भरपाई मिळेल का?

‘नाजूक’ लिहिल्याने फारसा फरक पडत नाही, कारण खोकं पोत्यात भरलं जातं आणि प्रवासात पोतंच उचललं-टाकलं जातं. वरचं अक्षर कोणाला दिसतच नाही. तुमच्या खोक्यावर दहा किलोचं दुसरं खोकं बसणार, असं धरूनच बांधणी करावी लागते.

खोकं पाच थरांचं घ्या. किराणा दुकानातलं तीन थरांचं वापरलेलं खोकं कोपऱ्यांत आधीच मऊ झालेलं असतं. चकल्या पिशवीत कधीच नकोत. चकलीच्या मापाचा उभा गोल डबा घ्या, एकावर एक रचा, प्रत्येक चार-पाच चकल्यांमागे कागदाची चकती घाला आणि झाकणापर्यंत उरलेली पोकळी चुरगाळलेल्या कागदाने भरा. डबा कानाशी धरून हलवा. आवाज आला तर चुरा होणार. लाडू पूर्ण गार होऊन घट्ट बसल्यावरच भरायचे. कोमट लाडू भरले तर तूप सुटतं, तुमच्याकडे बहुधा तेच झालं. लाडवांचा डबा दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत एकामागून एक बांधा. चिवडा आणि शेव हलके, ते वर, लाडू तळाला. डबे आणि खोक्याची भिंत यांच्यात चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर कागद किंवा थर्माकोल हवा. टेप दोन इंची, वरची-खालची फट आणि दोन्ही टोकांच्या कडा मिळून ‘एच’ अक्षर होईल अशी लावा. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका. बाहेरचं लेबल फाटलं तर पार्सल तिच्यामुळे वाचतं. बाहेरचा पत्ता बॉलपेनने लिहून वरून पारदर्शक टेप लावा. जेलपेनची शाई जुलैच्या पहिल्या सरीत वाहून जाते.

खोकं उगाच मोठं नको. पार्सलला आकारमानाचं वजनही लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ४० × ३० × २५ चं खोकं म्हणजे ६ किलो, आत फराळ ३ किलोच असला तरी.

भरपाईबद्दल स्पष्ट सांगतो, कारण अनेकांची इथे निराशा होते. स्पीड पोस्टात वस्तू हरवली वा खराब झाली तर टपाल शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांत जे कमी तेवढंच मिळतं. फराळाची किंमत आणि तुमचे कष्ट त्यात धरले जात नाहीत. किमती वस्तूला विमा उतरवा, आणि तो बुकिंगच्या वेळीच. घेणाऱ्याने फाटलेलं किंवा ओलं खोकं सही करण्याआधी वजन करून मागावं; बुकिंगच्या पावतीवरचं वजन आणि हे वजन जुळलं नाही तर पोस्टातच सगळ्यांसमोर उघडायची मागणी करावी. सही झाल्यावर केलेला दावा लंगडा पडतो.

प्रश्न : ‘पत्ता अपूर्ण, ४८ तासांत या लिंकवर दुरुस्त करा’ असा संदेश आला. खरा असतो का?

खोटा. पत्ता दुरुस्तीच्या नावाखाली भामटे कार्डाचे तपशील मागतात, रक्कमही अगदी किरकोळ सांगतात. लिंक उघडू नका; ट्रॅकिंग नंबर असेल तर टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. पोस्टाचा नंबर तेरा चिन्हांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी ‘आयएन’. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, बँकेत जाण्याआधी.

प्रश्न : तक्रार करायची तर नेमकी कुठे? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

तुम्ही पैसे कोणाला दिले, यावर ते अवलंबून आहे. ऑनलाइन दुकानातून मागवलं असेल तर कुरिअरशी भांडत बसू नका, वस्तू पोचवायची जबाबदारी विकणाऱ्याची. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

टपालाने आलेल्या पार्सलसाठी १८०० २६६ ६८६८ वर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ठोकळेबाज उत्तर देऊन ती बंद केली तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तोच क्रमांक देऊन टाका. तिथे निपटाऱ्याची मुदत २१ दिवस आहे. वाटपाच्या सहीची प्रत कोणीच देत नसेल तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘माझं पार्सल का हरवलं’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. अमुक नंबरची वस्तू, अमुक तारखेला, कोणाच्या सहीने दिली, त्या नोंदीची प्रत द्या, असं मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मूळ पावती तोवर जपा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून बुकिंगच्या दिवशीच तिचा फोटो काढून ठेवा.